८९३ चं कोडं: हॅश टेबल आणि रेगेक्सची शर्यत कशी बघावी

एखाद्या मराठी मजकुरात कुठला शब्द किती वेळा आला हे मोजायचं आहे. प्रोग्राम म्हणाल तर जेमतेम पाच-सात ओळींचा. मजकुराचे शब्द सुटे करायचं काम रेग्युलर एक्स्प्रेशनचं, म्हणजे रेगेक्सचं, आणि प्रत्येक शब्दापुढचा आकडा वाढवत नेण्याचं काम हॅश टेबलचं. ‘शब्दात येऊ शकणारं अक्षर’ यासाठी रेगेक्समध्ये एक तयार खूण असते: उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे डब्ल्यू. ती वापरून मी हा प्रोग्राम पायथन, गो आणि रस्ट या तीन प्रोग्रामिंग भाषांत लिहिला. हेतू साधा होता. तिघांत वेगवान कोण?

पायथनने ‘मराठी’चे दोन शब्द केले, ‘मर’ आणि ‘ठ’. त्याच्या मूळ रेगेक्स लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबत येणाऱ्या तयार प्रोग्रामांच्या संचात, काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण ही ‘शब्दातली अक्षरं’ धरलीच जात नाहीत, त्यामुळे जिथे मात्रा तिथे शब्द तुटतो. गोला एकही शब्द सापडला नाही, कारण तिथे त्या खुणेचा अर्थ इंग्रजी मुळाक्षरं, इंग्रजी अंक आणि अधोरेखा एवढाच. रस्टने ‘मराठी’ अखंड ठेवला. आता या तिघांना घड्याळ लावणं म्हणजे एकाने भाकरी भाजली, दुसऱ्याने पीठ सांडलं, तिसऱ्याने चूलच पेटवली नाही, आणि आपण बघतोय की स्वयंपाकघरातून आधी बाहेर कोण आलं.

बेंचमार्क म्हणजे वेगाची चाचणी. अशा चाचण्यांचे तक्ते रोज कुणी ना कुणी मांडत असतं, आणि बरेचसे प्रामाणिकपणे मांडलेले असतात. गडबड बहुधा घड्याळात नसते. यंत्राला खायला काय घातलं होतं, तिथे ती असते. हे दिसायला मात्र दोन्ही यंत्रं आतून कशी चालतात ते थोडं उघडून बघावं लागतं.

वाण्याची वही

किराणा दुकानातली उधारीची वही डोळ्यांसमोर आणा. हजार गिऱ्हाइकं असतील आणि दर वेळी पहिल्या पानापासून चाळायचं असेल, तर एक नाव सापडायला सरासरी पाचशे पानं उलटावी लागतील. म्हणून वहीच्या कडेला अक्षरवार खाचा केलेल्या असतात. ‘प’ म्हटलं की पाटील, पवार, पाटणकर तिथेच. हॅश टेबलची कल्पना हीच आहे. फक्त पहिल्या अक्षराऐवजी पूर्ण नावावर एक गणित करायचं आणि उत्तर येईल (त्यालाच हॅश म्हणतात) त्या क्रमांकाच्या खणात नोंद ठेवायची. शोधतानाही तेच गणित आणि तोच खण. गिऱ्हाइकं हजार असोत की एक कोटी, पायऱ्या जवळपास तेवढ्याच. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ च्या जानेवारीत कंपनीच्या अंतर्गत टिपणात ही युक्ती मांडली होती.

खाचांच्या वहीची अडचण वाण्याला ठाऊक असते. ‘प’ आणि ‘क’ ओसंडून वाहतात, ‘ठ’ ओस पडलेला. गणित चांगलं म्हणजे नावं सगळ्या खणांत सारखी पसरवणारं. पण ते कितीही चांगलं असलं तरी दोन नावं कधीतरी एकाच खणावर येणार. खोलीत २३ माणसं असली की त्यातल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते, खण ३६५ असले तरी. या टकरींचं काय करायचं, यावरून लायब्ऱ्यांचे पंथ पडतात.

पहिला पंथ: एका खणावर आलेल्या नोंदींची साखळी करायची. दुसरा पंथ: खण भरलेला दिसला की शेजारच्या खणात बघायचं, तोही भरलेला असेल तर त्याच्या शेजारी. दुसरी पद्धत रांगेत रिकामी खुर्ची शोधण्यासारखी आहे, आणि हॉल किती भरलाय यावर तिचं सगळं अवलंबून असतं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९६३ मध्ये तिचं गणित सोडवलं. वहीत नसलेलं नाव शोधायला, टेबल निम्मं भरलेलं असताना सरासरी २.५ खण बघावे लागतात. पाऊण भरलं की ८.५. नव्वद टक्के भरलं की ५०.५. आणि त्याच नव्वद टक्क्यांवर असलेलं नाव शोधायला? फक्त ५.५.

हे शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. टेबल तेच, लायब्ररी तीच, भरणाही तोच, पण चाचणी करणाऱ्याने ‘असलेली’ नावं शोधली की ‘नसलेली’ यावर जवळपास नऊ पटींचा फरक. तक्त्यात या गोष्टीचा उल्लेख नसेल तर त्या तक्त्याचं मी तरी काही करू शकत नाही.

नूथ यांच्या काळात खण मोजले की काम भागत असे. आता भागत नाही, कारण सगळे खण सारख्या अंतरावर नसतात. प्रोसेसरच्या अगदी जवळच्या कॅशेमधून, म्हणजे छोट्या पण वेगवान मेमरीतून, एखादी गोष्ट आणायला साधारण एक नॅनोसेकंद लागतो, आणि मुख्य मेमरीपर्यंत जावं लागलं तर शंभराच्या आसपास. एक खेप ओट्यावरच्या डब्यापर्यंत, दुसरी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. त्यातही मेमरीतून एकेक बाइट येत नाही, साधारणपणे ६४ बाइटचं गाठोडं एकदम येतं. म्हणजे शेजारचे खण जवळजवळ फुकट मिळतात, आणि मेमरीत भलतीकडे पसरलेली साखळी मात्र प्रत्येक कडीला नवी खेप मारायला लावते.

सी++ मधल्या प्रमाणित हॅश टेबलला लोक हळू म्हणून नावं ठेवतात, त्याचं मूळ इथे आहे. लिहिणाऱ्यांना अक्कल नव्हती असं नाही. भाषेच्या नियमपुस्तिकेनेच वचन दिलंय की टेबल वाढलं, खण बदलले, तरी आत ठेवलेल्या वस्तूचा मेमरीतला पत्ता बदलणार नाही. हे वचन पाळायचं तर प्रत्येक वस्तू वेगळी ठेवून साखळीच करावी लागते. गूगलच्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये जाहीर भाषणात दाखवलेलं ‘स्विस टेबल’ आपल्या मूळ रूपात हे वचन देत नाही, म्हणून ते वेगळी चाल खेळू शकतं. खणांच्या जोडीला ते एक लहानशी पट्टी ठेवतं, दर खणाला एक बाइट. त्या बाइटात खण रिकामा आहे का, आणि नसेल तर त्यातल्या नावाच्या हॅशचे सात बिट. प्रोसेसरची एकच सूचना अशा सोळा बाइटांची एकदम तुलना करते. सोळा दारांवरच्या पाट्या एका नजरेत वाचाव्यात तसं. दार उघडावं लागतं ते पाटी जुळली तरच. रस्टने २०१९ मध्ये हीच रचना आपल्या प्रमाणित लायब्ररीत घेतली, गोने फेब्रुवारी २०२५ च्या १.२४ या आवृत्तीत.

म्हणजे ‘स्विस टेबल जिंकलं’ असं वाचलं तर ते खरं असतं, पण सोबत विचारायला हवं: पत्ता न बदलण्याचं वचन तुम्हाला हवं होतं का?

कुलूप लावलेलं घर आणि उघडं घर

आता जरा वाईट माणसाचा विचार करू. जावामध्ये अक्षरमाळेचं हॅश काढायची रीत जगजाहीर आहे: आतापर्यंतच्या उत्तराला ३१ ने गुणायचं आणि पुढच्या अक्षराचा क्रमांक मिळवायचा. इंग्रजी मोठा ‘ए’ आणि त्यापुढे लहान ‘ए’ घ्या: ६५ × ३१ + ९७ = २११२. आता दोन मोठे ‘बी’ घ्या: ६६ × ३१ + ६६ = २११२. दोन वेगळ्या अक्षरजोड्या, हॅश एकच. या दोन जोड्या हव्या तशा एकापुढे एक लावत गेलं, तर दहा जोड्यांच्या लांबीत १०२४ वेगवेगळे शब्द बनतात आणि सगळ्यांचं हॅश तेच. वीस जोड्यांत दहा लाखांवर. वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये अशी नावं ठासून पाठवली की सर्व्हरवरच्या टेबलाची एकच लांबलचक साखळी होते आणि प्रत्येक नवं नाव आधीच्या सगळ्यांशी ताडून बघावं लागतं.

राइस विद्यापीठाच्या क्रॉस्बी आणि वॉलक या दोघांनी २००३ मध्ये या जातीचा हल्ला शोधनिबंधात मांडला होता. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत पीएचपी, जावा, पायथन, रुबी अशा भाषांवर तो होऊ शकतो हे दाखवलं गेलं, तेव्हा धावपळ झाली. २०१२ मध्ये ओमासाँ आणि बर्नस्टाइन यांनी सिपहॅश ही हॅश काढायची नवी रीत आणली. त्याच्या गणितात एक गुप्त संख्या मिसळलेली असते. ती कळल्याशिवाय कुठली नावं एकमेकांवर आदळतील हे बाहेरच्याला ठरवता येत नाही. पायथनने ३.४ पासून ते घेतलं, रस्टच्या प्रमाणित टेबलातही त्याचंच हलकं रूप आहे. जावाने वेगळा मार्ग काढला: आठव्या आवृत्तीपासून एका खणातली साखळी फार लांबली की तिचं संतुलित झाड केलं जातं, म्हणजे प्रत्येक कडी न बघता फांद्या निवडत झटपट शोधता येतं.

याचा वेगाशी संबंध असा की गुप्त संख्येचं गणित महाग असतं. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर (प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) वापरून सी++ लिहिलं तर पूर्णांकाचं हॅश म्हणजे तो पूर्णांकच. गणित शून्य. रस्टमध्ये त्याच पूर्णांकावर सिपहॅश चालतं. पूर्णांक मोजायच्या शर्यतीत रस्ट मागे पडलं तर ते टेबलामुळे मागे पडत नाही. एकाने घराला कुलूप लावलं, दुसऱ्याने दार नुसतं लोटून घेतलं, आणि आपण ‘घरातून निघायला कुणाला किती वेळ लागला’ ते मोजतोय.

पेठेतला पत्ता

रेगेक्स म्हणजे शब्दाऐवजी शब्दाचं वर्णन देऊन शोधणं. ‘दहा अंक सलग’, ‘शेवटी अनुस्वार असलेले शब्द’, असं काहीही. संकल्पना स्टीफन क्लिनी या गणितज्ञांची, १९५० च्या दशकातली. संगणकावर ती वेगाने कशी चालवायची, हे केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये दोन-चार पानांत सांगून टाकलं. आणि तरीही आज जगातल्या बहुतेक भाषांच्या लायब्ऱ्या त्यांच्या पद्धतीने चालत नाहीत. मला यात नेहमीच गंमत वाटत आलीय.

फरक समजायला पुण्यातल्या एखाद्या जुन्या पेठेत पत्ता शोधायला निघा. पहिली पद्धत एकट्या माणसाची. गल्लीला फाटा फुटला की एक बाजू धरायची, पुढे बंद निघाली की फाट्यापर्यंत मागे यायचं, दुसरी बाजू धरायची. पर्ल, पायथन, जावा या भाषा आणि पीसीआरई ही रेगेक्स लायब्ररी, या सगळ्यांचं मुळात हेच चालतं. पत्ता साधा असेल तर हा एकटा माणूस फार चपळ असतो. दुसरी पद्धत थॉम्पसनची. प्रत्येक फाट्यावर माणसं वाटली जातात आणि सगळे एकाच ठेक्यावर एकेक पाऊल पुढे टाकतात. यातली खरी मेख पुढे आहे: दोन माणसं एकाच चौकात पोचली तर त्यातला एक घरी जातो. कारण इथून पुढे दोघांचं नशीब सारखंच. त्यामुळे चौक जितके, त्याहून जास्त माणसं कधीच होत नाहीत, आणि वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो.

एकट्या माणसाचं कुठे फसतं ते बघू. नमुना असा: ‘अ असेल किंवा नसेल’ हे २९ वेळा, आणि त्यापुढे ‘अ असलाच पाहिजे’ हे २९ वेळा. मजकूर म्हणजे २९ ‘अ’. उत्तर उघड आहे, आधीच्या २९ ठिकाणी ‘नाही’ म्हणायचं. पण आपला माणूस हावरा, आधी प्रत्येक ठिकाणी ‘आहे’ म्हणून बघतो. पर्याय दोनाचा २९ वा घात, म्हणजे ५३ कोटींहून जास्त, आणि बरोबर पर्याय शेवटचा. रस कॉक्स या प्रोग्रामरने २००७ मध्ये याच नमुन्यावर मोजमाप दिलं: पर्लला साठ सेकंदांहून अधिक, थॉम्पसनच्या पद्धतीला वीस मायक्रोसेकंद. नंतर त्यांनीच गूगलमध्ये लिहिलेली आरई२ ही लायब्ररी २०१० मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

असा आचरट नमुना कोण लिहितं, असं वाटेल. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचं प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं, ते ओळीच्या दोन्ही टोकांची रिकामी जागा काढणाऱ्या अगदी निरुपद्रवी रेगेक्समुळे. कुणीतरी टाकलेल्या मजकुरात एका जागी सुमारे २०,००० रिकाम्या जागा सलग होत्या, पण त्या ओळीच्या शेवटी नव्हत्या. प्रत्येक जागेपासून सुरुवात करून ‘ही शेवटपर्यंत जाते का’ बघायचं, नाही, मग पुढच्या जागेपासून पुन्हा. बेरीज सुमारे २० कोटी तपासण्या. २ जुलै २०१९ ला वेबसाइटांचं हल्ल्यांपासून रक्षण करणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या जगभरच्या सर्व्हरांचे प्रोसेसर २७ मिनिटं शंभर टक्क्यांवर अडकले. तिथल्या नियमात ‘काहीही, मग पुन्हा काहीही, मग बरोबरचं चिन्ह, मग काहीही’ असा तुकडा होता. दोन ‘काहीही’ शेजारी आले की कुठलं अक्षर कुणाच्या वाट्याला, याचे सगळे हिशेब करून बघावे लागतात.

मग सगळे थॉम्पसनकडे का जात नाहीत? एक कारण सोयीचं. ‘आधी सापडलेलाच शब्द इथे पुन्हा आला पाहिजे’ अशी अट एकट्या माणसाला सहज पाळता येते. माणसं घरी पाठवणाऱ्या पद्धतीला ती जमत नाही, कारण एकाच चौकात आलेल्या दोघांच्या आठवणी आता वेगळ्या आहेत. आरई२, गो, रस्ट यांनी ही सोय सरळ नाकारली आहे. दुसरं कारण असं की फसवणूक नसलेल्या रोजच्या मजकुरावर एकटा माणूस बरेचदा पुढेच असतो, विशेषतः पीसीआरई२ सारखी लायब्ररी नमुन्याचं थेट यंत्रभाषेत रूपांतर करते तेव्हा. गोची लायब्ररी कधीच फसत नाही याची हमी आहे, तरी साध्या कामात ती हळू म्हणूनच ओळखली जाते. हमी आणि वेग या दोन वेगळ्या वस्तू आहेत, तक्त्यात मात्र एकाच रकान्यात बसतात.

आणखी एक गोष्ट तक्त्यात दिसत नाही. उत्तम लायब्ऱ्या रेगेक्स चालवणं होता होईल तो टाळतात. नमुन्यात एखादा पक्का शब्द असेल तर आधी प्रोसेसरच्या रुंद सूचनांनी तो शब्द मजकुरात शोधायचा, एका दमात सोळा किंवा बत्तीस बाइट चाळत. सापडला तरच खरं यंत्र सुरू करायचं. म्हणजे अशा चाचणीत ‘रेगेक्सचा वेग’ म्हणून जे मोजलं जातं, तो बऱ्याचदा साध्या शब्दशोधाचा वेग असतो. सापडलेल्या मजकुराचे भागही कंसांतून वेगळे काढून मागितले, तर आरई२ आणि रस्टला आतलं वेगवान यंत्र बाजूला ठेवून हळू यंत्र काढावं लागतं, आणि तक्त्यातला क्रम बदलू शकतो.

आता ते ८९३

‘कंप्युटर लँग्वेज बेंचमार्क्स गेम’ नावाचा एक जुना आणि मेहनतीने चालवलेला प्रकल्प आहे. त्यात बऱ्याच भाषांना तीच कामं देऊन वेळ मोजतात. त्यातलं एक काम रेगेक्सचं: डीएनएसारख्या दिसणाऱ्या सुमारे पाच कोटी अक्षरांत नऊ नमुने मोजायचे आणि काही बदल करायचे. दुसरं काम हॅश टेबलचं: साडेबारा कोटी अक्षरांच्या माळेत १, २, ३, ४, ६, १२ आणि १८ अक्षरांचे तुकडे किती वेळा येतात ते मोजायचं. नियम असा की हॅश टेबल स्वतः लिहायचं नाही, लायब्ररीतलं वापरायचं.

रेगेक्सच्या कामात एक गोष्ट चटकन दिसते. वरच्या क्रमांकावरचे काही प्रोग्राम आपल्या भाषेची लायब्ररी वापरतच नाहीत, ते सी भाषेतल्या पीसीआरई२ ला बोलावतात. आकडा लागतो पायथनच्या नावावर, पळतं पीसीआरई२. नियमभंग नाही, पण त्या ओळीवरून पायथनच्या स्वतःच्या रेगेक्सबद्दल काही कळत नाही. शिवाय मजकुरात मुख्यतः चारच अक्षरं, ए, सी, जी, टी. नमुन्यातला दुर्मीळ बाइट शोधत मधला मजकूर ओलांडून उड्या मारण्याची हुशारी इथे चालत नाही, दुर्मीळ असं काही नाहीच.

हॅश टेबलच्या कामातही तेच. चार अक्षरं म्हणजे प्रत्येकाला दोन बिट पुरतात, १८ अक्षरांचा तुकडा ३६ बिटांत, एका पूर्णांकात मावतो. वेगवान प्रोग्राम अक्षरमाळा ठेवतच नाहीत, पूर्णांक ठेवतात. त्यामुळे हॅशचं गणित आणि तुलना दोन्ही स्वस्त होतात.

पण मला खरं चकित केलं ते उत्तराने. १२ अक्षरांचा ठरलेला तुकडा ८९३ वेळा सापडतो. त्यालाच पुढे सहा अक्षरं जोडून केलेला १८ अक्षरांचा तुकडा? तोही ८९३ वेळा. खऱ्याखुऱ्या यादृच्छिक माळेत सहा अक्षरं वाढवल्यावर संख्या कोसळायला हवी. एकही कमी होत नाही, म्हणजे काहीतरी शिजतंय.

शिजतंय ते माळ बनवणाऱ्या यंत्रात. ही अक्षरं एका सोप्या सूत्राने तयार होतात: मागच्या संख्येला ३८७७ ने गुणायचं, २९५७३ मिळवायचे, आणि १३९९६८ ने भागून बाकी घ्यायची. बाकी १३९९६८ पेक्षा लहानच असणार, म्हणजे तितक्या पावलांनंतर सूत्र पुन्हा मूळपदावर येतं आणि तीच अक्षरं त्याच क्रमाने पुन्हा सुरू होतात. आता १२,५०,००,००० ला १३९९६८ ने भागा. उत्तर ८९३ आणि वर थोडंसं. माळ साडेबारा कोटींची नाहीच. १ लाख ४० हजारांची एक माळ ८९३ वेळा जपलेली आहे.

हॅश टेबलच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. १८ अक्षरांचे वेगवेगळे तुकडे कोट्यवधी असतील, टेबल मेमरीभर पसरेल, प्रत्येक शोधाला कोपऱ्यावरच्या दुकानाची खेप पडेल, असं वाटत होतं. प्रत्यक्षात वेगळे तुकडे १३९९६८ पेक्षा जास्त असूच शकत नाहीत. आठ बाइटांची नोंद आणि चार-आठ बाइटांचा आकडा धरला तर सगळा पसारा दोन-चार एमबीचा, आजच्या प्रोसेसरच्या मोठ्या कॅशेत सहज बसणारा. शिवाय पहिल्या फेरीनंतर प्रत्येक शोध ‘असलेल्या’ नावाचा. नूथ यांचा ५.५ वाला हिशेब, ५०.५ वाला कधीच नाही. कोट्यवधी नोंदींच्या टेबलाबद्दल ही चाचणी काही सांगू शकत नाही. चाचणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती लहान टेबलात भरपूर वेळा आकडा वाढवण्याची चाचणी आहे, आणि त्या कामाची ती चांगली चाचणी आहे.

आपल्या मजकुरावर

स्वतः मोजायचं ठरवलं तर नेहमीची पथ्यं आहेतच: रेगेक्स एकदाच तयार करून ठेवा, फेऱ्यांच्या आत पुन्हा पुन्हा नको. जावासारख्या भाषेला आधी थोडं गरम होऊ द्या, म्हणजे मोजण्याआधी काही फेऱ्या होऊ द्या. उत्तर कुठेतरी वापरा, नाहीतर हुशार कंपायलर निरुपयोगी काम म्हणून सगळी मेहनतच खोडून टाकतो आणि तुम्हाला शून्य सेकंदांचा विक्रम मिळतो. पण सगळ्यात आधी मजकूर आपला घ्या.

मराठीसाठी हे जास्तच खरं आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या रीतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. पहिला बाइट सगळ्यांचा एकच, २२४. दुसरा १६४ किंवा १६५. ओळख पटते ती मुख्यतः तिसऱ्या बाइटात. एखादी लायब्ररी शब्दाच्या पहिल्या बाइटावरून उड्या मारत शोधत असेल, तर इंग्रजीत ती मजेत पळते. मराठीत दर तिसऱ्या पावलाला तिला २२४ भेटतो आणि ती थबकते. रस्टच्या लायब्ररीत कुठला बाइट सहसा किती आढळतो याचा तक्ता असतो आणि शब्दातले त्यातल्या त्यात दुर्मीळ बाइट निवडले जातात. इंग्रजी मजकुरावर काढलेल्या आकड्यांत हा फरक दिसणारच नाही.

माझा शब्द मोजणारा प्रोग्राम शेवटी रस्टमध्ये राहिला, वेगासाठी नव्हे, ‘मराठी’ न तोडण्यासाठी. पण यादी चाळताना ‘दुसऱ्या’ हा शब्द मला तीन वेळा दिसला, तीन वेगवेगळ्या आकड्यांसह. डोळ्यांना तिन्ही सारखे. एकात ‘ऱ’ हे एकच चिन्ह होतं, दुसऱ्यात ‘र’ आणि खाली वेगळा नुक्ता, तिसऱ्यात ‘र’, पाय मोडण्याची खूण आणि एक अदृश्य जोडचिन्ह. हॅश टेबलला डोळे नसतात. त्याला बाइट वेगळे दिसले की खण वेगळा. युनिकोडच्या प्रमाणीकरणाची, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लिखाणांना एक रूप देण्याची, पायरी मध्ये घातली तेव्हा पहिले दोन एक झाले आणि प्रोग्राम थोडा हळू झाला. तिसरा अजून वेगळाच मोजला जातो, त्याच्यासाठी हाताने एक नियम लिहावा लागणार आहे.